किनारा साफ करायचाय? आधी टेम्पो ठरवा

आमची पहिली मोहीम श्रावणातल्या एका रविवारी झाली. त्या दिवशी एकादशी होती. एवढं साधं पंचांगातही बघायचं असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. सकाळी सातला सव्वीस जण रायगडातल्या एका छोट्या गावाच्या किनाऱ्यावर पोचलो, तर पाणी अजून चढतच होतं. खडकांत अडकलेला सगळा कचरा पाण्याखाली. सुरुच्या झाडांखालची अरुंद पट्टी तेवढी मोकळी होती. तिथूनच सुरुवात केली आणि पुढे भर दुपारच्या दमट उकाड्यात एक वाजेपर्यंत वाकून वाकून ४७ गोण्या भरल्या. त्या सुरूच्या बुंध्याशी रचल्या, त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढला आणि घरी आलो. गोण्या सोमवारी उचलतो, असं एकाने तोंडी सांगितलं होतं. सोमवारी कोणी आलं नाही. मंगळवारीही नाही, बुधवारीही नाही.

गुरुवारी नारळी पौर्णिमा. कोळीवाड्यातून वाजतगाजत सोनेरी कागदात मढवलेला नारळ निघाला आणि सगळा गाव किनाऱ्यावर जमला. उधाणाचं पाणी सुरूच्या मुळांपर्यंत आलं होतं. आमच्या गोण्यांची तोंडं सुटून लाटांवर चपला, बाटल्या आणि थर्माकोल तरंगत होते. एका आजींनी माझ्याकडे वळून म्हटलं, "दर्याला नारल वाहायचा असतो गो, चपला नाय."

त्यानंतर बऱ्याच मोहिमा केल्या, बऱ्याच चुका केल्या. तुमच्या त्याच चुका टळाव्यात म्हणून हे क्रमाने लिहून ठेवते आहे. क्रम उलटा वाटेल, म्हणजे शेवटचं काम आधी. तो मुद्दाम तसाच ठेवलाय.

त्याआधी, मुळात का करायचं?

हा प्रश्न पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारतं, आणि विचारणारा चुकीचा नसतो. कचरा परत येतो, ते खरंच आहे.

किनारा झाडल्याने समुद्र वाचतो, असं मी सांगणार नाही. समुद्राचं दुखणं मोठं आहे. माणसाने वाढवलेल्या उष्णतेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास उष्णता आजवर समुद्रानेच पोटात घेतली आहे. आपण हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण चौथा हिस्साही तोच गिळतो. पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी निम्म्याच्या आसपास वाटा समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींचा आहे. हे सगळं फुकटात चालू आहे तोवर लक्षात येत नाही. अरबी समुद्र तापत चाललाय, आणि तापलेल्या पाण्यावर वादळं चटकन बळ धरतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा नारळी-पोफळीच्या तीस-चाळीस वर्षांच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. ज्यांची वाडी गेली त्यांना 'समुद्राची तब्येत' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

मग गोण्या भरून काय होतं? एक गोष्ट नक्की होते. प्लास्टिकचा चुरा सगळ्यात जलद होतो तो खोल समुद्रात नाही, किनाऱ्यावर. उन्हाने तापलेली वाळू, वरून ऊन, खालून लाटांचं घासणं यांमुळे बाटलीचं झाकणसुद्धा काही वर्षांत ठिसूळ होतं, बोटांनी मोडतं. तो चुरा एकदा पाण्यात गेला की कोणाच्या बापाला परत काढता येत नाही. मग तो मासे खातात, शिंपल्या गाळून पोटात घेतात. बाटली अख्खी असते, हाताला लागते, तेवढीच वेळ आपल्या हातात असते. मला हे एक कारण पुरतं.

दुसरं कारण वर्सोव्याचं. अफरोज शाह या वकिलाने ऑक्टोबर २०१५ मध्ये एका वयस्क शेजाऱ्याला सोबत घेऊन तिथला कचरा उचलायला सुरुवात केली. पुढे दर आठवड्याला शेकडो माणसं येऊ लागली. मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं वाळूतून निघून पाण्याकडे जाताना लोकांनी पाहिली.

१. आधी टेम्पो

तारीख, टी-शर्ट, बॅनर, व्हॉट्सॲप ग्रुप, सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच: भरलेल्या गोण्या त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावरून, कोण आणि कुठे नेणार?

उत्तर तीन तुकड्यांत मिळवा.

वाळूतून रस्त्यापर्यंत: टेम्पो किनाऱ्यावर उतरवू नका. ओल्या वाळूत चाक रुतलं की भरती यायच्या आत तो काढायला ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. जेसीबीचं तर नावही काढू नका. आम्ही गावातली बैलगाडी सांगतो. बैल वाळूत सहज चालतात आणि गाडीवाल्यालाही चार पैसे मिळतात. गाडी नसेल तर दोघांत एक गोणी, बांबूला अडकवून.

रस्त्यापासून पुढे: छोटा हत्ती पुरतो. त्यात आमच्या चाळीस-पंचेचाळीस गोण्या बसतात. ड्रायव्हरला आधीच स्पष्ट सांगा की माल ओला, वाळूचा आणि वास मारणारा आहे. आयत्या वेळी हौदा बघून तो नाही म्हणाला, तर दिवस गेला.

आणि तिथून कुठे: ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद कचरा कुठे टाकते, तिथे तुमचा टेम्पो आत घेतील का, रविवारी फाटक उघडं असतं का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण आम्ही एकदा कुलूपबंद फाटकाबाहेर टेम्पोत पाऊण तास बसून काढलाय.

यातून एक नियम निघाला, तो आता आम्ही मोडत नाही. टेम्पोत मावतील तेवढ्याच गोण्या भरायच्या. उत्साही मंडळी अजून भरू म्हणतात. त्यांना चहा द्या.

२. मग तिथी

किनाऱ्याच्या कामात रविवार बघायच्या आधी तिथी बघायची असते. हे मला त्या आजींच्या मुलाने शिकवलं. तो तांडेल आहे, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख. त्याचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ.

चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी साधारण साडेतीनला पाणी पूर्ण भरणार. अष्टमीला सहा. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे आमच्या त्या एकादशीला सव्वाआठला भरती होती आणि आम्ही सातला झाडू घेऊन उभे. पूर्ण भरतीनंतर सहा तास आणि वर थोडी मिनिटं गेली की पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पंधरवड्यांना हाच हिशेब लागू.

मुंबई, रायगड, रत्नागिरीला हा आडाखा चांगला चालतो. खाली गोव्याकडे भरती लवकर येते, तेव्हा तिथे स्थानिकांना विचारा. आडाखा तो आडाखाच, नक्की वेळेसाठी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक किंवा मोबाइलवरचं ॲप बघाच. पण पाऊणपट डोक्यात असली की कोणी फोनवर "येत्या रविवारी करू या का?" विचारलं तर लगेच हो-नाही सांगता येतं.

आता सगळ्यात चांगली तिथी कोणती? आमच्या अनुभवाने तृतीया आणि चतुर्थी. द्वितीया-पंचमीही चालते. त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं सरळ आहे. तृतीयेला सव्वादोनच्या सुमारास भरती, म्हणजे साडेआठला पूर्ण ओहोटी. सातला सुरू केलं की पाणी तुमच्यापुढे मागे मागे सरतं, खडक उघडे पडतात, आणि ऊन चढायच्या आत, दहाला, काम आटोपतं.

दुसरं कारण कळायला मला दोन वर्षं लागली. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. त्या वेळी पाणी सगळ्यात वर चढतं आणि कचऱ्याची एक लांबलचक रेघ किनाऱ्याच्या माथ्यावर सोडून जातं. नंतरच्या दिवसांत भरती रोज थोडी थोडी कमी चढते, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती, येईपर्यंत. म्हणजे तृतीया-चतुर्थीला ती रेघ जागच्या जागी असते, दोन-तीन दिवसांच्या उन्हाने वाळलेली असते, आणि वाळलेली गोणी ओल्या गोणीच्या निम्म्या वजनाची भरते. शिवाय चुकून दोन-चार गोण्या राहिल्याच, तरी पुढच्या उधाणापर्यंत आठ-दहा दिवस हातात असतात. दशमी-एकादशीला नेमकं उलटं. पाणी रोज वर चढत जातं. आमच्या ४७ गोण्या त्या हिशेबाने गेल्या.

तृतीया शनिवार-रविवारी येईलच असं नाही. नाही आली तर महिना सोडा, पण भरतीशी भांडू नका.

पावसाळ्याबद्दल एक वेगळं सांगते. जून ते ऑगस्ट समुद्र सगळ्यात जास्त कचरा बाहेर फेकतो, त्यामुळे तेव्हाच जावंसं वाटतं. जा, पण पाण्याकडे पाठ करून कोणी वाकायचं नाही, खडकांवर कोणी चढायचं नाही, आणि हवामान खात्याचा इशारा असेल त्या दिवशी घरी बसायचं. नवख्यांनी पहिली मोहीम सप्टेंबरपासून पुढे ठेवावी. सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर किनारा स्वच्छता दिन म्हणून पाळतात, त्या दिवशी माणसं आणि मदत दोन्ही सहज मिळतात. (तिथी मात्र तेव्हाही बघा. जागतिक दिनाला आपल्या भरतीची काही पडलेली नसते.)

३. गावाला विचारा, कागद करा

शहरातून गाडी भरून यायचं, तीन तास वाकायचं आणि "गावकरी बघा कसे नुसते बघत बसलेत" म्हणायचं, ही सवय आधी सोडा. त्यातला बराच कचरा गावाचा नसतो. खाडीतून, नदीतून, शहरांच्या नाल्यांतून तो येतो आणि गावाच्या अंगणात पडतो.

कागद फार लागत नाहीत:

– ग्रामपंचायतीला (किंवा नगरपरिषदेला) साध्या कागदावर अर्ज. त्यात तारीख, वेळ, माणसं किती, कचरा कुठे जाणार. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. तोंडी हो म्हणजे हो नाही.
– गावातल्या मच्छीमार सहकारी सोसायटीला तसंच पत्र. हे पत्र द्यायला लोक विसरतात, आणि किनाऱ्यावर खरा शब्द सोसायटीचा चालतो.
– पन्नासच्या वर माणसं असतील तर पोलीस ठाण्यालाही माहितीचं पत्र.
– शाळा-कॉलेजची मुलं असतील तर पालकांची संमतीपत्रं आणि सोबत शिक्षक.
– खारफुटीत शिरायचं असेल तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाची परवानगी. बरीचशी कांदळवनं वनखात्याच्या ताब्यात असतात. तिथे कचरा काढताना श्वासमुळं तुडवली जातात, म्हणून नवख्यांनी खारफुटीच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पत्र पोस्टाने पाठवण्यापेक्षा स्वतः जाऊन द्या. आमचं निम्मं काम सोसायटीच्या ओट्यावर बसून चहा पिताना झालंय.

४. सामान

तांदळाची किंवा पेंडीची वापरलेली पोती घ्या. नव्या प्लास्टिक पिशव्या विकत आणून प्लास्टिक गोळा करणं विनोदी दिसतं, आणि त्या काचेने फाटतातही. हातमोजे बांधकामावर वापरतात तसे, तळव्याला रबर लावलेले. डॉक्टरी पातळ मोजे दहा मिनिटांत फाटून स्वतःच कचरा होतात. पायात बूट हवेत, सँडल नको, कारण सुया आणि फुटक्या ट्यूबलाइट असतात. दाताळं एक-दोन, घमेली चार, जाळं कापायला धारदार सुरी एकच आणि ती एकाच जाणत्या माणसाकडे. सुया-काचांसाठी झाकणाचा जुना डबा. ताणकाटा. पाण्याचा मोठा पिंप आणि प्रत्येकाने घरून आणलेला पेला. बाटलीबंद पाण्याचे बॉक्स आले तर परत पाठवा.

प्रथमोपचार पेटीत नेहमीच्या गोष्टींबरोबर खोबरेल तेलाची बाटली, चिमटा आणि थर्मासमध्ये गरम पाणी. का ते पुढे येतंय.

माणसं पहिल्यांदा वीस-पंचवीसच बोलवा. शंभर आली तर तुम्ही कचरा नाही, माणसं सांभाळता.

५. काय उचलायचं नाही

काय उचलायचं ते दिसतंच. सोडून काय द्यायचं, ते शिकावं लागतं. इथे जरा रेंगाळते.

जाळी. दुसऱ्याच मोहिमेत आमच्यातल्या दोघांनी खडकाच्या आडोशाला पडलेलं निळं नायलॉनचं जाळं कचरा समजून कापायला घेतलं. चार हात कापलं असेल, तोवर मागून तांडेलाचा आवाज आला, "जालं हाय तां माजं, कचरा नाय." ते डागडुजीसाठी पसरून, वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला दगड ठेवून ठेवलेलं होतं. दगड आम्हाला दिसले होते, त्यांचा अर्थ कळला नव्हता. भरपाई दिली. तो घेत नव्हता, तरी दिली. तेव्हापासून नियम असा: वाळूच्या वर पसरलेलं, घडी घातलेलं, दगड ठेवलेलं, बोय (तरंगता फुगा) बांधलेलं जाळं कोणाचं तरी आहे, हात लावायचा नाही. अर्धं वाळूत गाडलेलं, शेवाळ-शिंपल्या धरलेलं, चिंध्या झालेलं जाळं तेवढं आपलं. शंका आली तर विचारा. तेही ओढून काढू नका. वाळूत मीटरभर खोल असतं, ओढणाऱ्याच्या कंबरेत उसण भरते. भोवतालची वाळू उकरा, हात-दीड हाताचे तुकडे कापा. आणि ही मेहनत घ्याच, कारण समुद्रात सुटलेलं जाळं कोणी ओढायला नसलं तरी मासे, कासवं धरतच राहतं.

जाताजाता, मच्छीमारांशी ओळख झाली की हेही सांगा. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमासा अशी संरक्षित जात अडकली आणि ती सोडवायला जाळं कापावं लागलं, तर राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. ही योजना २०१८ पासून आहे. कापताना आणि सोडताना फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवावा लागतो. बऱ्याच खलाशांना याची खबर नसते.

कासवाची घरटी. साधारण नोव्हेंबर ते मार्च आपल्या कोकणात ऑलिव्ह रिडलेच्या माद्या रात्री अंडी घालायला वर येतात. वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर, खाली वेंगुर्ल्याजवळ वायंगणी, अशी गावं आता त्यासाठी ओळखली जातात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास काम सुरू केलं, तेव्हा अंडी सर्रास उकरून नेली जायची. आज गावकरीच राखण करतात. तुमच्या किनाऱ्यावर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग पाण्यापासून वर जाऊन परत फिरलेला दिसला, तर तिथे दाताळं चालवू नका, खुणेला काठी रोवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं निघायला दीड-दोन महिने लागतात. या काळात भरतीच्या रेषेच्या वर फक्त हाताने वेचायचं, उकरायचं नाही. जखमी कासव दिसलं तर दयेपोटी पाण्यात ढकलू नका. ते बहुधा थकून किंवा आजारी पडूनच बाहेर आलेलं असतं. ओलं फडकं पाठीवर टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, कुत्री हाकला, फोन करा.

शंख-शिंपले, लाकडं, शेवाळ. हा कचरा नाही. रिकाम्या शंखात शंखी खेकडा राहायला येतो, वाळलेलं शेवाळ वाळू धरून ठेवतं. प्रवाळाचे तुकडे किंवा समुद्रघोडा आठवण म्हणून खिशात घालणं वन्यजीव संरक्षण कायद्यात अडकवू शकतं. 'व्हेलची उलटी' सापडली असं वाटलं तर आनंदाने नाचू नका. ती बाळगणं, विकणं गुन्हा आहे. १९२६.

डांबराचे गोळे. पावसाळ्याच्या तोंडाशी काळे चिकट गोळे येतात, जहाजांच्या आणि समुद्रातल्या तेलाच्या गळतीचे. ते वेगळ्या डब्यात, घमेल्याने भरा. हाता-पायाला लागलं तर रॉकेल-पेट्रोल चोळू नका, खोबरेल लावा, आपोआप सुटतं.

निळ्या फुग्यासारखं काही. पावसाळ्यात ब्लू बॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे जीव, किनाऱ्याला लागतात. दिसायला गोजिऱ्या, लहान मुलं हमखास उचलतात. त्यांचे धागे वाळूवर मेल्यासारखे पडले तरी डसतात. डसलं तर वाळूने घासू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिमट्याने काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं धरा. पाकटाचा (शेपटीला विषारी काटा असलेल्या चपट्या माशाचा) काटा लागला तरी गरम पाण्यानेच उतार पडतो, पण डॉक्टरकडे न्यायचंच. छातीत दडपण, श्वासाला त्रास असेल तर कशाचीही वाट न बघता दवाखाना.

मूर्तींचे अवशेष. विसर्जनानंतरच्या आठवड्यात हे येतातच. ते गोणीत कोंबू नका, त्यांचे फोटो काढून कुठे पोस्ट करू नका. गावातल्या जाणत्यांना किंवा मंडळाच्या लोकांना बोलवा, ते सांगतील तसं करा. एका मोहिमेत या एका फोटोवरून इतकं वाजलं की पुढचे सहा महिने आम्हाला त्या किनाऱ्यावर पाय ठेवता आला नाही.

६. उचलताना मोजा

चौघांमागे एकाने वही धरायची. बाटल्या, झाकणं, चपला, वेफरची पाकिटं, थर्माकोल, दोऱ्या-जाळी, कानकोरण्याच्या काड्या, औषधांच्या पट्ट्या, अशा दहा-बारा रकान्यांत रेघा मारायच्या. शेवटी गोण्यांचं वजन. कंटाळवाणं काम आहे, पण पुढे बोलायला हेच उपयोगी पडतं.

प्लास्टिकच्या काड्यांचे कानकोरणे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. सजावटीचा थर्माकोलही. "किनारा फार घाण आहे" हे वाक्य कोणी ऐकत नाही. "या वर्षात आमच्या वहीत एवढे बंदीतले कानकोरणे सापडले" याची नोंद घ्यावी लागते. आमच्या वहीत एका महिन्यात अचानक सलाइनच्या नळ्या वाढल्या. माग काढत खाडीच्या वरच्या अंगाला गेलो, तर एका पुलाखाली दवाखान्याचा कचरा रात्री टाकला जात होता. वहीची पानं जोडून अर्ज केला, आणि तो बंद झाला. त्या एका अर्जाने जेवढा कचरा थांबला, तेवढा आम्ही वर्षभरात उचलला नसता.

७. वेगळं करा, पण भाबडेपणा नको

सगळं रिसायकल होईल असं कोणाला वचन देऊ नका. खारट, वाळू भरलेलं, उन्हाने ठिसूळ झालेलं प्लास्टिक भंगारवाला घेत नाही. तो घेतो ते धड बाटल्या, जाड डबे, धातू, काच आणि कधीकधी नायलॉनच्या जाळ्या. त्यासाठी दोन गोण्या वेगळ्या ठेवा. चपला आणि थर्माकोल कोणालाच नको असतात, ते कचराभूमीतच जातात. जाळून टाका असं कोणीतरी सुचवेल. अजिबात नाही.

गोणी अर्धीच भरा. ओली वाळू घुसली की भरलेली गोणी उचलताना फाटते. बांधायच्या आधी गोणी उलटी करून वाळू झाडा, नाहीतर तुम्ही किनारा गोणीत भरून नेताय.

८. किनाऱ्यावर न येताही

ज्यांना वाकणं जमत नाही, किंवा जे पुण्या-नाशकात, परदेशात आहेत, ते विचारतात आम्ही काय करायचं. मी त्यांना मासळीबाजाराकडे पाठवते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद असते, कारण तो बऱ्याच माशांचा अंडी घालायचा काळ. त्या दोन महिन्यांत सुक्या मासळीवर भागवा. जवळा, सोडे, बोंबील असताना तक्रारीला जागा नाही. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, आणि त्याच वर्षी राज्याने माशांची किमान लांबीही ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. म्हणजे तळहातावर मावेल असं पिल्लू वाट्याला लावलेलं दिसलं तर घेऊ नका. मावशी "गोड लागतं" म्हणेल. लागतंही. पण ते एकदाही अंडी न घालता ताटात आलेलं असतं. नुसतं पुढे जाऊ नका, का घेत नाही ते मावशीला सांगा. ती संध्याकाळी घरी जाऊन सांगते.

९. परतताना

फोटो गोण्यांच्या ढिगासमोर नको. टेम्पो भरून निघाला, की रिकाम्या किनाऱ्याचा काढा. माणसं मोजा, सुरी मोजा. सोसायटीत जाऊन "झालं आमचं, येतो" सांगा आणि पुढची तृतीया कधी आहे ते तिथल्या पंचांगात बघून घ्या. हातमोजे त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यातून काढून सावलीत वाळत घाला. तसेच पिशवीत राहिले, तर पुढच्या वेळी ती पिशवी उघडायला कोणी तयार होत नाही.